डाव्या भुवईपासून

प्रभादेवी,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. इरा,

अनेक आशीर्वाद. वयाने मी तुझ्याहून एकाच वर्षाने मोठी, पण वहिनी म्हणून आशीर्वादाचा हक्क माझा आहे, तेव्हा गुपचूप घे.

कानातलं यंत्र तू कपाटात ठेवतेस आणि फोन उचलून 'राँग नंबर' म्हणून आपटतेस, म्हणून हे कागद. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण आपल्या घरच्या ग्रुपवर एकीने शिंकलं की बाकीच्या काढे सुचवतात. यतीनचा ड्रायव्हर दौलत रोज त्याला फोर्टला सोडतो. वाटेत मुगभाटात तुझ्याकडे पत्र टाकेल आणि तुझं घेऊन येईल. तुझ्या भावाच्या मुलाचा ड्रायव्हर आहे, चहा पाज त्याला.

तर बातमी. टाचेवरचा तो काळा डाग, ज्याला मी दोन वर्षं 'चपलेचा घट्टा' म्हणत होते, तो कापून काढला हे तुला माहीत आहे. मेलॅनोमा नाव त्याचं. कापला तरी गेला नाही. आता जांघेत गाठ आहे आणि फुप्फुसात ठिपके. यतीन गॅलरीत जाऊन रडतो आणि आत येऊन मला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतो. नेहमीची औषधं मला सोसली नाहीत. मग डॉक्टर अनुजा म्हणून एक पोरगी भेटली, आपल्या नातीहून, ऋग्वेदाहून, थोडीच मोठी असेल. तिने माझं नाव एका लशीच्या अभ्यासात घातलंय.

लस रोग होऊ नये म्हणून देतात ना? ही झाल्यावर देतात. मला दिवसभर खुर्चीत बसवलं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून दुसऱ्या हातातून परत आत. मधल्यामधे माझ्या काही पेशी चाळून घेतल्या. त्या परळच्या लॅबमध्ये आठवडाभर वाढवल्या आणि माझ्याच गाठीचा कुटलेला अर्क त्यांना चारला. अनुजा म्हणते, "आजी, या पेशी स्वतः कुणाला मारत नाहीत. त्या बाकीच्या फौजेला फक्त दाखवतात. हा बघा, हा आपला नाही." मग त्या परत माझ्या मांडीत टोचल्या.

ताप आला, अंग ठणकलं. ते व्हायचंच होतं म्हणे. पण एक सांगू? हसू नकोस. गेल्या तेवढ्याच परत आल्या असं मला वाटत नाही. लग्नाच्या हॉलवरून परतताना टॅक्सीत एक बाई जास्तीची बसते ना, आणि कुणाचीच कोण ते कळत नाही, तसं झालंय.

असो. मला जगायचंय, इरा. ऋग्वेदाचं लग्न बघायचंय. एवढं साधं मागणं आहे.

तुझी,
सरोजिनी


मुगभाट, गिरगाव,
१६ ऑक्टोबर २०२३

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

घेतला आशीर्वाद. ताप चढला की माणूस काहीही बरळतो, त्यातली ती टॅक्सीतली बाई. पॅरासिटामॉल घे आणि पडून राहा.

दौलतच्या हाती कोलंबीचं भानोलं पाठवतेय. तुला चालतं की नाही ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, आणि नाही म्हणाल्या तर विचारलंच नाही असं समज.

ऋग्वेदाचं आता मनावर घ्या. नात पंचविशीची झाली. तुझ्या आजाराने स्थळं अडणार नाहीत. कॅन्सर म्हटलं की हल्ली लोक हात हातात घेतात. अडायच्या गोष्टी वेगळ्या असतात, त्या आपल्या घरात आता नाहीत, देवाची कृपा.

परळला कुठे म्हणालीस ती लॅब? परळ काय लहान आहे?

तुझी,
इरावती


प्रभादेवी,
२० डिसेंबर २०२३

चि. इरा,

भानोलं मी एकटीने खाल्लं. यतीनला वाससुद्धा दिला नाही.

लशीचे तीन डोस झाले. अनुजाने हाताच्या कातडीत एक चाचणी केली. माझ्या गाठीच्या अर्काचा एक थेंब टोचला आणि दोन दिवसांनी पाहिलं, तर ती जागा लाल होऊन टरारून फुगलेली. पोरगी इतकी खूश झाली की पट्टी घेऊन मापंच घेत बसली. "आजी, तुमच्या अंगाने ओळखलं!" फुगणं चांगलं, काहीच न होणं वाईट, एवढं माझ्या डोक्यात शिरलं.

मग मी हट्टच धरला की माझ्या पेशी राहतात ती खोली मला दाखव. नेलं बाई तिने. परळ गावातून भोईवाड्याकडे वळतो तिथे एक नवा टॉवर आहे, दारात मोठा पिंपळ आणि बुजवलेली विहीर. लॅब दुसऱ्या मजल्यावर. आत जायचं नाही, काचेतून बघायचं. खिडकीवर पिंपळाची पानं घासत होती. मी त्या जागी जन्मात पहिल्यांदा गेले, इरा, आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर माझे पाय आपले आपण मागच्या बाजूला वळले. अनुजा म्हणाली, "आजी, तिकडे काही नाही, भिंत आहे." मलाही दिसत होतं की भिंत आहे. तरी मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मला रडू फुटलं. कशाचं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसरं म्हणजे, बेल वाजली की मी बेडरूमच्या दारामागे जाऊन उभी राहते. ठरवून नाही. देविकाने दोनदा पकडलं. "आई, लपाछपी खेळताय का?" सून बिचारी हसली, मीही हसले. पण तिसऱ्यांदाही गेलेच.

आणि एक अगदी क्षुल्लक. माझ्या डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग पांढरा झालाय. केस आणि खालची कातडी, दोन्ही. अनुजाला दाखवलं नाही. दुष्परिणाम म्हणून अभ्यासातून काढून टाकलं तर? इथून बाहेर पडले तर मला दुसरं औषध उरलेलं नाही. देविका तिच्या डबीतला रंग लावून देते.

तुझी,
सरोजिनी


मुगभाट,
२२ डिसेंबर २०२३

ती. वहिनीस,

भुवईचं कुणाशी बोलू नकोस. देविकाला सांग, तिच्या माहेरीसुद्धा नाही.

हे कोड आहे, वहिनी. घे, घेतलं नाव. आणि ऋग्वेदाला ध्रुवचं स्थळ आलंय म्हणून यतीन परवा सांगून गेला. एवढा चांगला मुलगा, माणसं पाहण्यातली. घरात कोड आहे म्हटल्यावर चांगली माणसं कशी गोड बोलून मागे सरतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तू आमच्या घरात येण्याआधी माझी दोन स्थळं ठरता ठरता मोडली. का ते विचारू नकोस. तुझ्या नातीचं तसं होऊ देणार नाही मी.

भुलेश्वरात एक जण जिन्याखाली बसतो. कोडावर त्याच्या पुड्या रामबाण आहेत असं आमच्या मजल्यावरची शपथेवर सांगते. डब्यात मेतकुटाच्या बाटलीखाली ठेवल्यात. रोज सकाळी एक, दुधातून. डॉक्टरीणबाईंना सांगायची गरज नाही. ही काय औषधं नव्हेत, झाडपाला आहे.

आणि त्या पिंपळाच्या जागी पुन्हा जाऊ नकोस. तिथली हवा चांगली नाही.

इरावती


प्रभादेवी,
१७ जानेवारी २०२४

चि. इरा,

तुला कसं माहीत, तिथली हवा चांगली नाही ते?

पुड्या तशाच पडल्या आहेत. भीती वाटते. पण आता दुसरीही भीती वाटायला लागलीय. पांढरं वाढतंय. वरच्या ओठावर दूध पिऊन पुसायचं राहिल्यासारखी पट्टी आलीय. उजव्या हाताची तीन बोटं टोकांपासून पांढरी झालीत, अंगठा आणि करंगळी जशीच्या तशी. काल आरशासमोर उभी होते आणि मी पटकन पदर सावरला. परकी बाई समोर आली की सावरतो, तसा. मग माझं मलाच हसू आलं आणि ते हसू आरशात बघवलं नाही. ते माझं हसू नव्हतं गं. मी हसले की दात दिसतात. हिने ओठ मिटून घेतले होते.

ध्रुवची आई येऊन गेली. मी दाराआड होते. 'आजींना बरं नाही' म्हणून निभावलं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. संक्रांतीला तात्या आले होते. तुमच्या मुगभाटातल्या घराशेजारचे तात्या. आता दादरला लेकीकडे असतात, नव्वदी उलटलीय, व्हीलचेअरवर. मी नुकतंच तोंड धुतलेलं, रंग लावलेला नव्हता. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी माझी ती तीन बोटं धरली, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनू, सोडलं वाटतं तुला त्यांनी?"

लेक म्हणाली, बाबांना हल्ली काही कळत नाही, मनावर घेऊ नका. पण म्हातारा रडत होता, इरा. हात सोडेना.

मनू कोण?

सरोजिनी


मुगभाट,
१८ जानेवारी २०२४

वहिनी,

तात्यांना स्वतःची लेक ओळखता येत नाही. मनू म्हणून कुणी नव्हतं.

पुड्या घे. तुला माझी शपथ आहे. ऋग्वेदाची शपथ आहे. आज सकाळी नसेल घेतली तर हे पत्र वाचून घे आणि मग उरलेलं काम कर.

इरावती


प्रभादेवी,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. इरा,

अनेक, अनेक आशीर्वाद! मानलं तुझ्या जिन्याखालच्या माणसाला.

पहिल्या आठवड्यातच भूक अशी लागायला लागली की देविका फ्रीजला कुलूप लावायचं म्हणते. सांधे दुखत नाहीत. दोन जिने चढले परवा, यतीन मागून 'आई, हळू' म्हणत धापा टाकत होता. चेहरा भरलाय, अगदी टम्म. आणि भुवई काळी झाली! ओठावरची पट्टी गेली, बोटांवर थोडं उरलंय ते मेंदीने झाकलं जातं.

साखरपुडा दादरला थाटात झाला. मी पुढे बसले होते. ध्रुवची आई म्हणाली, "आजी, तुम्ही आजारी आहात असं वाटतसुद्धा नाही." ऋग्वेदाने माझ्या गळ्यात पडून फोटो काढले. दौलतकडे एक पाठवतेय, फ्रेम कर.

लस टोचली की आता ताप नाही, सूज नाही. मांडीवर डास चावल्याइतकंही काही होत नाही. सवय झाली असेल अंगाला. अनुजाने विचारलं, दुसरं कुठलं औषध चालू नाही ना? म्हटलं, छे. खोटं कुठे बोलले, झाडपाला आहे.

आणि ती टॅक्सीतली बाई उतरून गेली. बेल वाजली की मी आपली सोफ्यावर बसलेली असते. गेली ती. फक्त दुपारी घरात एकटी असले की रिकामं रिकामं वाटतं. पाहुणा जास्त दिवस राहिला की असंच होतं म्हणा.

तुझी,
सरोजिनी


मुगभाट,
२७ फेब्रुवारी २०२४

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहिला. देवासमोर ठेवला आणि मनसोक्त रडले. गोड शिरा केलाय, दौलतने दोन वाट्या खाल्ल्या.

आणखी महिन्याच्या पुड्या डब्यात आहेत. मध्येच सोडू नकोस, मुळासकट जायला हवं.

तुझी,
इरावती


प्रभादेवी,
९ एप्रिल २०२४

इरा,

आशीर्वाद लिहीत नाही.

स्कॅन झाला. फुप्फुसातले ठिपके आता ठिपके राहिले नाहीत. जांघेतली गाठ हाताला लागते. हातावरची चाचणी पुन्हा केली, तर दोन दिवसांनी तिथे काहीच नाही. पाणी टोचल्यासारखं. अनुजाने तो हात उलटसुलट करून पाहिला. मग तिने माझे गाल दोन बोटांनी दाबून पाहिले आणि विचारलं, "आजी, काय घेताय तुम्ही?"

मी पर्समधून पुडी काढून दिली. तिने ती तपासायला पाठवली. स्टेरॉइड आहे, इरा. तुझ्या झाडपाल्यात दाबून भरलेलं. त्याने भूक लागते, दुखणं थांबतं, तोंड सुजतं आणि आपण म्हणतो चेहरा भरला. आणि त्यानेच अंगातली फौज झोपी जाते. त्या पोरीने एवढ्या खटपटीने उभी केलेली फौज मी रोज सकाळी दुधातून झोपवत होते.

आता खरं ऐक. मी तिला पांढऱ्या डागांचं सांगितलं तेव्हा ती उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा डोळे भरलेले होते. म्हणाली, "आजी, मला का नाही दाखवलंत? मी पेढे वाटले असते." माझ्या गाठीत आणि कातडीच्या रंगात एकच खूण असते म्हणे. फौजेला ती खूण पटली की ती गाठीवर जाते आणि जाता जाता कातडीचा रंगही खाते. नेहमीच नाही, पण पुष्कळदा, ज्यांना कोड फुटतं ते पेशंट जास्त जगतात. ते पांढरं म्हणजे माझं जगणं होतं. ते आपण दोघींनी मिळून पुसलं.

तुला एकटीला बोल लावत नाही. मीही लपवलं. पण मी जगायला धडपडत होते म्हणून लपवलं. तू कशाला एवढी घाबरलीस? नुसतं स्थळासाठी बाई अशी शपथा घालत सुटत नाही. तुला तो पिंपळ माहीत होता.

मनू कोण? या वेळी खोटं लिहिलंस तर माझं पुढचं पत्र यायचं नाही.

सरोजिनी


मुगभाट,
१२ एप्रिल २०२४

वहिनी,

कुठल्या तोंडाने नमस्कार लिहू? तीन दिवस चूल पेटवली नाही. दौलत रोज येऊन विचारतो, पत्र आहे का, आणि मी मान हलवते.

मनू म्हणजे मनूआत्या. माझ्या बाबांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिला कोड फुटलं. आधी डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग. मग वरचा ओठ. मग उजव्या हाताची मधली तीन बोटं. तू तुझं म्हणून लिहीत होतीस आणि मी पुढचं वाक्य आधीच जाणत होते.

ती मागच्या खोलीत राहायची. कोंडलं नव्हतं कुणी, पण बेल वाजली की आपली आपण दारामागे जाऊन उभी राहायची. हसायची ओठ मिटून, पट्टी दिसू नये म्हणून. माझं पहिलं स्थळ कुणीतरी बातमी पोचवली म्हणून मोडलं. दुसऱ्या वेळी मुलाच्या आईने हात धुवायला म्हणून आत जाऊन ते दारच बाजूला केलं. त्यानंतर शरददादाचं तुझ्याशी ठरत आलं आणि बाबांनी तिला परळला नेऊन ठेवलं. आपली तिथे एक चाळ होती, दारात पिंपळ आणि विहीर. दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली. तुझ्या माहेरच्यांना सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. बाबांनी तिचे फोटो जाळले. दादाला मी शपथ घातली होती, ती त्याने जाईपर्यंत पाळली. मला शपथा घालायची सवय तेव्हापासूनची आहे.

तेरा वर्षं राहिली तिथे. मी महिन्यातून एकदा डबा घेऊन जायचे. तिथेच गेली, शहाऐंशी साली. नंतर चाळ विकली आणि तिथे टॉवर आला.

तुझ्या पेशी आठवडाभर त्याच हवेत राहिल्या. तिथे त्यांना 'हा आपला नाही' म्हणायला शिकवलं असं तू लिहिलंस. त्या जागेला ते शिकवायला लागत नाही गं, ते तिथे आधीच मुरलेलं आहे.

तू आमच्या रक्ताची नाहीस. तिला तू पाहिलेलीही नाहीस. मग तिच्याच भुवईपासून का सुरुवात झाली? अनुजाला विचारलंस तर ती म्हणेल योगायोग. मी रोज स्वतःला तेच सांगते. स्थळाची भीती होती, खोटं नाही. पण पुड्या पाठवल्या त्या नुसत्या तेवढ्यासाठी नाही. ती परत येतेय, याला घाबरले मी. तिला दुसऱ्यांदा घालवली, आणि तिच्याबरोबर तुला.

तू यातून वाच गं वहिनी. मला शिव्या घालायला तरी वाच.

इरा


प्रभादेवी,
३ सप्टेंबर २०२४

चि. इरा,

आशीर्वाद. एवढे महिने लिहिलं नाही. राग गेला की नाही ते मलाच कळत नाही, पण दौलत सांगतो तू दारात उभी राहून त्याची वाट बघतेस, ते मला सोसेना.

पुड्या एकदम तोडता येत नाहीत, जिवावर बेतू शकतं. अनुजाने त्याच्या जागी मोजून गोळ्या दिल्या आणि हळूहळू उतरवत आणल्या. त्या दिवसांत मी फडक्यासारखी झाले होते, उठवलं तर उठायचे, ठेवलं तिथे पडायचे. जूनमध्ये लस पुन्हा सुरू केली. माझ्या पेशी त्यांनी परळला गोठवून ठेवल्या होत्या. अनुजा म्हणाली, "आता फक्त वाट बघायची." कशाची, ते दोघींनाही माहीत होतं.

आमच्या शेजारी सिद्धिविनायक. लोक पहाटेपासून रांगा लावून मुलं मागतात, नोकऱ्या मागतात. मी गॅलरीतून हात जोडून काय मागायचे माहितीये? कोड. मला कोड येऊ दे. त्या देवाला इतक्या वर्षांत कुणी हे मागितलं नसेल. आणि आरशासमोर उभी राहून तिला म्हणायचे, बाई, ये. तुझी भीती वाटते मला, तुला खोटं सांगत नाही. पण तू आलीस तरच मी राहीन, तेव्हा ये.

ऑगस्टमध्ये आली. डाव्या भुवईपासून. त्याच क्रमाने, इरा. ओठ झाला, आता बोटं चाललीत. हातावरची चाचणी पुन्हा फुगली, आणि स्कॅनमध्ये ठिपके थोडे आकसलेत. अनुजा 'बऱ्या झालात' म्हणत नाही, 'चाललंय' म्हणते. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

मागच्या रविवारी ध्रुवची आई आली. बेल वाजल्याबरोबर पाय दारामागे वळले. मी मोठ्याने म्हटलं, "मनूआत्या, आज नाही," आणि जाऊन कडी काढली. देविका माझ्याकडे बघतच राहिली. ध्रुवच्या आईनेही पाहिलं. रंग लावलेला नव्हता. म्हणाली, "अगंबाई, हे काय झालं?" म्हटलं, "औषध लागू पडतंय." "मग चांगलंच की," म्हणाली आणि पर्स ठेवून आत आली. देविकाला सोलकढी कशी करते ते विचारत बसली.

एवढंच होतं गं ते. एवढ्यासाठी तुझं आयुष्य गेलं आणि तिचंही.

तुझी,
सरोजिनी


प्रभादेवी,
९ डिसेंबर २०२४

चि. इरा,

लग्न झालं. तू आली नाहीस. गुडघ्यांचं निमित्त यतीनने मानलं, मी नाही. तू मला बघायला घाबरतेस. साहजिक आहे, मीही घाबरते.

ऋग्वेदा गोड दिसत होती. मी पुढच्याच खुर्चीवर बसले. तात्यांना लेकीने आणलं होतं. माझ्याशेजारी खुर्ची लावायला लावली आणि जेवणं होईपर्यंत माझा हात धरून बसले.

आता कामाचं. लग्न झालं, आता मला घरी ने.

हे लिहिलं आणि मीच थांबले. गिरगावात मी जेमतेम चार वर्षं राहिले. ते घर मला कधी आवडलं नाही, वर पाणी चढायचं नाही आणि तुझी आई मापाने साखर द्यायची. माझं घर प्रभादेवी. तरी सकाळी उठल्यापासून तोंडात हेच वाक्य येतंय. देविकाला दोनदा म्हणाले, ती घाबरली आणि यतीनला फोन करायला निघाली. चहा पिताना म्हणाले, वेणी घालताना म्हणाले. लग्न झालं, आता मला घरी ने. डोकं फिरल्यासारखं वाटत नाही गं. फार दिवसांनी हक्काचं काही मागितल्यासारखं वाटतंय.

काय आहे हे? तुला काही कळतं का?

सरोजिनी


मुगभाट,
१० डिसेंबर २०२४

वहिनी,

कळतं.

बाबांनी तिला नेलं त्या दिवशी दारात टॅक्सी उभी होती. मी मागच्या सीटवर तिचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. दादा कामावर होता, आई रागाने वर थांबली होती. मनूआत्या आत बसली आणि दार लावायच्या आधी बाबा वाकून तिला म्हणाले, "मने, इराचं लग्न झालं की तुला घरी नेतो." तिने मान डोलावली आणि माझ्याकडे बघून ओठ मिटून हसली. हे ऐकायला तिथे आम्ही तिघंच होतो. बाबा गेले, ती गेली. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. देवालासुद्धा नाही.

माझं लग्न झालं नाही, म्हणून तिला कुणी आणली नाही. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ती दर वेळी विचारायची, "इरा, ठरलं का गं तुझं?" तेरा वर्षं विचारलं तिने. मला वाटायचं, माझ्या काळजीने विचारते.

घरात मुलीचं लग्न झालंय आता. बाबा नाहीत, तेव्हा न्यायचं काम माझं आहे. उद्या सकाळी दौलतबरोबर मी स्वतः येते. गुडघे गेले खड्ड्यात. पुढच्या खोलीत, खिडकीशी, पलंग टाकून घेतलाय. खालच्या वाण्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझ्या घरी माणसं राहायला येतायत.

दोघी या.

इरा